अण्णांचा गुप्त ऑनलाइन पेपर

माझ्या सासऱ्यांनी अख्ख्या नोकरीत एकही पेपर फुटू दिला नाही. पेपर फोडायचा मान घराण्यातल्या सुनेला मिळावा, अशी बहुधा देवाचीच इच्छा असावी.

सासरे म्हणजे अण्णा. वाडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात हेडमास्तर होते, तिथून रिटायर झाले. पण आपण रिटायर झालो आहोत हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. आम्ही राहायचो वसईतल्या माणिकपूरला, रिक्षास्टँडच्या मागच्या चार मजली बिल्डिंगमध्ये. मी जवळच्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावीला पर्यावरण शिकवायचे. शिकवायचे म्हणजे तासांवर. जेवढे तास तेवढा पगार, आणि मे महिन्यात तासही नाहीत न् पगारही नाही! मला पर्मनंट व्हायचं होतं. माझं एवढंच एक मागणं होतं. भीती मात्र मला हरतऱ्हेची वाटायची. प्रिन्सिपल सरांची वाटायची, अण्णांची वाटायची, पालकसभेची वाटायची. त्या वर्षी तीत कॉम्प्युटरची भर पडली.

त्या दिवसांत वसईत ब्रॉडबँड नुकतंच येऊ लागलं होतं आणि लोडशेडिंग काही जायचं नाव घेत नव्हतं. असा मुहूर्त साधून आमच्या कॉलेजने परीक्षा ऑनलाइन घ्यायचं ठरवलं. कंपनीचे एक टाय लावलेले साहेब आम्हाला शिकवायला आले. प्रश्न कसा टाकायचा, त्याखाली चार पर्याय कसे टाकायचे, बरोबर पर्यायावर खूण कशी करायची, असं त्यांनी सुरू केलं आणि लाइट गेले. साहेब खमके! त्यांनी काळ्या पडद्यावर बोट ठेवून पुढचं शिकवलं. "इथे क्लिक केलं की इथे एक खिडकी उघडते," ते म्हणायचे, आणि आम्ही सगळे माना डोलवत त्या न उघडलेल्या खिडकीकडे बघत राहायचो.

"तर पहिला पेपर कोण टाकणार?" प्रिन्सिपल सरांनी विचारलं.

देशपांडे सरांना तिथल्या तिथे मोतीबिंदू झाला. लोपीस मॅडमना पाठीचं जुनं दुखणं आठवलं. मी बाकाखाली पडलेलं पेन शोधत होते. (पेन पडलेलं नव्हतं. पण शोधत होते.) वर आले तेव्हा माझी निवड झालेली होती.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, सोमवारी सकाळी संस्थेचे अध्यक्ष स्वतः येऊन बटण दाबणार आहेत. सगळं नीट झालं तर जूनपासून तुमचं पर्मनंटचं मी बघतो."

"आणि सर, नीट नाही झालं तर?"

"तर... जूनमध्ये बघू."



"आणि एक," सर खुर्चीतून पुढे झुकले. "पेपर फुटता कामा नये. फुटला तर..." एवढं बोलून ते थांबले, ग्लासभर पाणी प्यायले आणि फायली बघू लागले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं असतं तर बरं झालं असतं! घरी येईपर्यंत मी ते नाना तऱ्हांनी पुरं केलं आणि शेवटी प्रत्येक वेळी मी जेलमध्ये होते.

घरी आल्यावर मी ही बातमी अण्णांपासून लपवायला हवी होती. पण माझा चेहरा असा की त्यावर सगळं छापून येतं.

आता अण्णांची पेपर काढायची रीत सांगायला हवी. पेपर काढायचा असला की ते देवघरात शिरून आतून कडी लावत. कच्चे कागद बंबात जात, कार्बनही बंबात जात. पेपर कुठल्या इयत्तेचा, हे आईंनासुद्धा कळत नसे. (आई म्हणजे माझ्या सासूबाई.) "एकदा सहामाहीच्या वेळी यांच्या चुलत्याची तार आली," आई सांगतात, "तीसुद्धा यांनी दाराच्या फटीतून घेतली. रडायचे ते पेपर सील झाल्यावर रडले."

"पेपर ठेवणार कुठे?" अण्णांनी मला विचारलं.

"इंटरनेटवर, अण्णा."

"म्हणजे चव्हाट्यावर!"

"पासवर्ड असतो ना."

"कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला, सरांना आणि कंपनीच्या साहेबांना."

"संपलं!" अण्णांनी कपाळावर हात मारला. "षट्कर्णी! सहा कानांवर गेलेली गोष्ट कधी गुप्त राहिली आहे? वंदना, तुझा पेपर फुटणार. निदान आपल्या घरातून तरी मी तो फुटू देणार नाही!"

आणि अण्णांनी मोहीम हातात घेतली. माझे यजमान नेमके पुण्याला गेले होते. ते असते तरी काही करू शकले नसते; लहानपणापासून तेही अण्णांना घाबरतात. जाण्याआधी त्यांनी नवा इन्व्हर्टर कॉम्प्युटरला जोडून दिला होता, तेवढी त्यांची कामगिरी.

रविवारी जेवणं उरकल्यावर अण्णांनी जागेची पाहणी केली. हॉल बाद, कारण समोरच्या बिल्डिंगमधून कॉम्प्युटरचा पडदा दिसेल. बेडरूम बाद, कारण खाली रिक्षास्टँड. स्वयंपाकघर बाद, कारण तिथे आईंच्या मैत्रिणी न सांगता येतात. राहिला बाथरूमबाहेरचा पॅसेज. तिथे खिडकी नाही, गॅलरी नाही. फक्त वरच्या अंगाला डक्टची जाळी, ज्या डक्टमधून बिल्डिंगचे सगळे पाइप खाली जातात.

"या जाळीतून कोण बघणार? कबुतरं?" अण्णा समाधानाने म्हणाले.

आम्ही टेबल ओढत पॅसेजमध्ये आणलं. हॉलच्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दाराला वरची-खालची कडी घातली. आईंना दाराशी स्टूल टाकून पहाऱ्यावर बसवलं. त्या वाल सोलायला घेऊन बसल्या. थोड्याच वेळात लाइट गेले. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर, मोडेम आणि एक बल्ब चालत होता, पंखा नाही. बिल्डिंगमधले टीव्ही बंद झाले, मिक्सर बंद झाले, पंप बंद झाला. अशी शांतता की वालाचं साल जमिनीवर पडलेलं ऐकू यावं!

"वा," अण्णा म्हणाले, "काम करायला काय छान वातावरण आहे!"

मी दोन बोटांनी टाइप करते. एक बोट अक्षर शोधतं आणि दुसरं ते दाबायचं धाडस करतं. त्यात मराठी! नजर की-बोर्डवरून काढली की संपलं. त्यामुळे अण्णांनी सांगायचं आणि मी मान खाली घालून टाइप करायचं असं ठरलं. अण्णांनी घसा साफ केला, हात पाठीमागे बांधले आणि सुरुवात केली.

"प्रश्न पहिला! खारफुटीच्या झाडांना! खारफुटीच्या झाडांना! श्वसनमुळे कशासाठी असतात! प्रश्नचिन्ह!"

मी दचकून खुर्चीवरून उडाले. तो आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आणि वर्गाबाहेर मैदानापर्यंत पोचायला तयार झालेला होता. शिवाय अण्णांना एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून त्या कानाचा वाटाही ते दुसऱ्यांना देतात.

"अण्णा, जरा हळू," मी म्हटलं.

"हळू सांगितलं की शुद्धलेखन चुकतं!"

मी टाइप करू लागले.

प्रश्न तसे भराभर सुचले. अडलं ते पर्यायांपाशी. एक बरोबर उत्तर हवं आणि तीन चुकीची हवीत, हे ऐकून अण्णा गंभीर झाले. "मी आयुष्यभर मुलांना खरं तेच सांगितलं. आता म्हातारपणी खोटं सांगू?"

"अहो, सांगा काहीतरी!" दाराशी बसून आई म्हणाल्या. "झाडांची मुळं ना? लिहा, मासे अडकवायला. लिहा, भरती मोजायला. लिहा, खेकड्यांना बसायला."

आईंना चुकीची उत्तरं इतकी सहज सुचत होती की अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोकडून काय काय ऐकून घेतलं असेल, त्याचा ते हिशोब करत असावेत.

मग प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी अण्णा बरोबर पर्याय जाहीर करत. "बरोबर उत्तर, क! कमळातला क! परत सांगतो, क!"

चांगला निम्मा पेपर झाला आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मी बराच वेळ 'सेव्ह' न केल्यामुळे त्या सिस्टिमने मला बाहेर काढलं होतं. आत जाऊन बघते तर सगळे प्रश्न गायब! मला डोळ्यांसमोर प्रिन्सिपल सर, त्यांच्यामागे अध्यक्ष आणि त्यांच्यामागे तो रिकामा जून महिना दिसू लागला.

"रडू नकोस," अण्णा म्हणाले. "मला सगळं पाठ आहे. प्रश्न पहिला! खारफुटीच्या झाडांना! खारफुटीच्या झाडांना!"

तर असा तो पेपर अण्णांनी पहिल्यापासून परत सांगितला, आधीपेक्षा मोठ्याने आणि आधीपेक्षा सावकाश, म्हणजे माझ्याकडून पुन्हा चूक व्हायला नको. मी दर प्रश्नाला सेव्ह करत गेले. शेवटचा प्रश्न सेव्ह झाला तेव्हा अण्णांनी घाम पुसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर प्रथमच!

एवढ्यात दारावर थाप पडली.

आईंनी सुपातले वाल सांभाळत दाराला कान लावला. "कोण आहे?"

"मी रोझी."

रोझी मावशी तळमजल्यावर राहायच्या. मूळच्या पाचूबंदरच्या, मासळीचा धंदा, मन सोन्यासारखं. त्यांची सेलिना माझ्याच वर्गात होती. अण्णांनी मला खूण केली. मी कॉम्प्युटरवर चादर टाकली, पदराने घाम पुसला आणि दार बोटभर उघडलं.

"बाई, मास्तरांना जरा सांगा ना," मावशी अगदी अजिजीने म्हणाल्या, "तो भरती-ओहोटीचा प्रश्न परत बोला म्हनावं. वरती कोनी तरी फ्लश केला, नुसता पानीच पानी. आमाला काय ऐकू नाय आला."

मला काही कळेना. "कुठला प्रश्न, मावशी?"

"अवो तो, ज्याचा उत्तर 'ब' हाय. उत्तर मिळाला, प्रश्न राहिला. सेलिना बसलीय ना बाथरूमात, बालदी उलटी टाकून. तिची जूचंद्रची मैत्रीन पन आलीय. जोशींचा पोरगा त्यांच्या बाथरूमात बसलाय. चौथ्या माळ्यावर तर दाटीवाटीने बसलेत सगळे! मास्तरांचे उपकार झाले बघा. परीक्षेच्या आदल्या दिवशी एवढा चांगला फुकटचा क्लास कोन घेते?"

आमच्या त्या डक्टमधून आम्हाला जोशींची भांडणं, पहिल्या मजल्यावरची फोडणी आणि रोझी मावशींची संध्याकाळची प्रार्थना, सगळं घरबसल्या ऐकायला मिळायचं. कोणाच्या घरी काय चाललंय ते आईंना जाळीखाली उभं राहून कळायचं, आणि त्या मला सांगायच्या, आणि आम्ही दोघी हसायचो. सगळ्यांचा आवाज आमच्याकडे येतो एवढंच आम्ही धरून चाललो होतो. आमचा आवाज सगळ्यांकडे जात असेल, हा विचार इतक्या वर्षांत त्या घरातल्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता!

मी मावशींना काहीतरी सांगून दार लावलं. मागे वळले तर अण्णा बाथरूमच्या पाटावर बसले होते.

"मी राजीनामा देतो," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"अण्णा, तुम्ही रिटायर आहात."

"मग तू दे."

मला रडू फुटलं. अगदी हुंदके देऊन! सकाळी अध्यक्ष बटण दाबणार, आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं उत्तरं घेऊन बसलेली, कुठलं तरी कार्टं आनंदाच्या भरात बोलून जाणार की पेपर आदल्या दिवशी बाथरूममध्ये ऐकला. मग पर्मनंट तर सोडाच, तासावरसुद्धा मला कोण ठेवणार? तेवढ्यात जाळीतून खालून हाक आली. "मास्तर! पुढचा प्रश्न!" मग वरून दुसरी. "मास्तर, जरा सावकाश हां!"

हेडमास्तरांची सवय! विद्यार्थ्यांनी हाक मारल्याबरोबर अण्णांनी तोंड उघडलं. आईंनी वालाच्या हातांनी ते झाकलं आणि स्वतः जाळीकडे तोंड करून ओरडल्या, "क्लास संपला! आता पाठ करा!" डक्टमधून टाळ्या वाजल्या.

"आता रडून काय उपयोग?" आई माझ्याकडे वळून कुजबुजल्या. "नवा पेपर काढा. आणि या खेपेला मुकाट्याने."

दुसरा इलाज नव्हता. जुन्या कॅलेंडरची पानं काढली. अण्णा मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहायचे आणि पान माझ्यासमोर धरायचे. मी एक डोळा पानावर आणि एक की-बोर्डवर ठेवून टाइप करायचे. चुकीची उत्तरं पुरवायचं काम आईंकडेच होतं, पण आता खुणांनी. वसईची मिठागरं कमी का झाली, या प्रश्नाला त्यांनी हाताने लाटा करून दाखवल्या आणि मग साखर खाल्ल्यासारखं तोंड केलं. अण्णांनी लिहिलं, 'समुद्र गोड झाला.' मग त्यांनी स्वतःचं डोकं गच्च धरलं आणि जेवणाचं ताट दूर लोटल्यासारखं केलं. अण्णांना काही कळेना. आईंनी चिडून परत डोकं धरलं. शेवटी अण्णांच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यांनी लिहिलं, 'ब्लडप्रेशरमुळे लोक मीठ कमी खाऊ लागले.'

इतकी गुप्तता अण्णांच्या देवघरातही कधी पाळली गेली नसेल. डक्टमधून मधूनच पुटपुट यायची. मुलं पाठ करत होती. "श्वसनमुळे, क... श्वसनमुळे, क..." ते ऐकलं की माझं बोट भलत्याच अक्षरावर पडायचं. 'ठ' कुठे आहे ते तर मला अजिबात सापडेना.

आणि इन्व्हर्टर वाजू लागला. टूं... टूं... टूं... बॅटरी संपत आली होती. अण्णांनी हातवारे करून घाई केली. आईंनी हातवारे करून अण्णांना गप्प केलं. मी काही वाचत नव्हते, समजून घेत नव्हते. पानावर जे दिसेल ते पुढच्या रिकाम्या चौकोनात टाइप करत होते. अण्णा बोटं दाखवून बरोबर पर्यायाचा क्रमांक सांगायचे, मी तिथे खूण करायचे. मग पुढचं पान.

शेवटचा प्रश्न सेव्ह केला. मग जुने प्रश्न खोडायला घेतले तर सिस्टिमने इंग्रजीत विचारलं, तुमची खात्री आहे ना? मला आयुष्यात कशाचीच खात्री कधी वाटली नव्हती. तरी देवाचं नाव घेऊन 'येस' दाबलं. जुने प्रश्न गेले आणि त्यांच्या पाठोपाठ इन्व्हर्टरही गेला. टाकलेलं एकदा तपासून बघायचं राहिलं. पानं बघून आठवावं म्हटलं, तर अण्णांनी ती केव्हाच बादलीत भिजवून त्यांचा लगदा केला होता. (बंब आता नव्हता, पण शिस्त होती.)

सोमवारी सकाळी लॅबमध्ये अध्यक्ष आले, त्यांना गुलाबाचं फूल दिलं, त्यांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. कंपनीचे टायवाले साहेब कोपऱ्यात हसतमुखाने उभे होते. मी दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होते.

आमच्या बिल्डिंगमधली मुलं ओळखू येत होती. बाकीचे वाचत होते. ही माझ्याकडे बघत होती. पहिला प्रश्न बघून जोशींच्या पोराचा चेहरा पडला. सेलिना तर अशी बघत होती की मीच तिचा खिसा कापला! मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी जीव भांड्यात पडला. पेपर फुटला नव्हता! मी पर्मनंट होणार होते!

अध्यक्ष फिरत फिरत सेलिनाच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांना वाचनाची आवड असावी. ते मोठ्याने वाचू लागले.

"वसई परिसरातील मिठागरे कमी का झाली? वा, छान प्रश्न! अ, समुद्र गोड झाला. ब, ब्लडप्रेशरमुळे लोक मीठ कमी खाऊ लागले. क, मीठ पावसात वाहून गेले. ड..."

अध्यक्ष थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ड, एवढ्या वेळात गाढवानेही टाइप केले असते."

काय झालं ते माझ्या क्षणात लक्षात आलं. मी 'ठ' शोधत बसले होते तेव्हा बोलायची बंदी असलेले अण्णा माझ्यावर रागावले होते, तेसुद्धा पानावर लिहून! मी मान खाली घालून तो राग चौथ्या चौकोनात उतरवून घेतला होता, आणि अण्णांनी चार बोटं दाखवल्याबरोबर त्यावरच बरोबरची खूण केली होती. त्याखाली लिहिलेलं खरं उत्तर, जमिनी बांधकामाला गेल्या, चौकोनच न उरल्यामुळे बादलीतल्या लगद्यात राहिलं होतं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण लॅब पहिल्या मजल्यावर. खाली ऑफिस होतं. धरणी दुभंगली असती तर मी थेट हेडक्लार्कच्या टेबलावर पडले असते.

बाकीची मुलं गोंधळून इकडेतिकडे बघत होती. आमच्या बिल्डिंगमधली मुलं मात्र एकाएकी खुलली. ते वाक्य कोणाचं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं; 'एवढ्या वेळात गाढवानेही...' असं डक्टमधून वर्षानुवर्षं ऐकलेलं! मास्तरांचं वाक्य म्हणजे बरोबरच असणार. सगळ्यांनी एकदम 'ड'वर टिचकी मारली. पडद्यावर हिरवी खूण आली आणि पूर्ण मार्क मिळाले.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

प्रिन्सिपल सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टायवाल्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांना आपल्या कंपनीचं काँट्रॅक्ट दिसत होतं. ते पुढे आले.

"सर, हा लक्ष तपासणारा प्रश्न आहे," ते न अडखळता म्हणाले. "मुलं नीट वाचतात की नुसत्या टिचक्या मारतात, ते यावरून कळतं. परदेशात असे प्रश्न मुद्दाम घालतात. आपल्याकडे मी प्रथमच बघतोय."

"असं? अस्सं!" अध्यक्षांचा चेहरा उजळला. "कोणाची कल्पना ही?"

"आमच्या मॅडमची," प्रिन्सिपल सर म्हणाले, आणि एक श्वास घेऊन पुढे म्हणाले, "मीच त्यांना सुचवलं होतं."

संध्याकाळी मी घरी पोचले तर रोझी मावशी आमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मास्तर, हे काय बरोबर नाय केलं! रातभर पोरीनं पाठ केला आनि त्यातला एक पन प्रश्न नाय आला? फोडायचाच होता पेपर, तर धड तरी फोडायचा!"

एरवी अण्णांना कोणी एवढं बोललं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण ते उठले, मावशींच्या हातावर पेढा ठेवला आणि माझ्याकडे वळून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐकलंस? फुटला नाही!"

गाढवाचं मी त्यांना सांगितलं नाही. माझी अजून हिंमत होत नाही.

जूनमध्ये मी पर्मनंट झाले. तो गाढवाचा प्रश्नही झाला. एकदा परीक्षेत येऊन गेलेला प्रश्न त्या सिस्टिममधून काढता येत नाही, असं कंपनीने कळवलं. आणि अध्यक्षांना तो इतका आवडला होता की काढायची परवानगी मागायलाच मी घाबरले. त्यामुळे दर वर्षी अकरावीची नवी मुलं माझ्यासमोर बसतात, तो प्रश्न शांतपणे वाचतात, मान वर करून एकदा माझ्याकडे नीट बघून घेतात, 'ड'वर टिचकी मारतात आणि पैकीच्या पैकी मार्क घेऊन जातात.